विजू, दुखणी दोन होती

विजू, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मोहन्याच्या विहारात मला दोन शब्द बोलायला बोलावलं आणि मी जागची हललेही नाही. तुझ्या भावाने, मिलिंदने, दोनदा माइककडे बोट केलं. मी मान हलवून नाही म्हटलं. माझ्याआधी जे बोलले त्यांनी तुझी पार गोगलगाय करून टाकली होती. शांत स्वभावाची, मनमिळाऊ, कधी कुणाला उलट शब्द न बोललेली. मी समोरच्या तुझ्या फोटोकडे बघत होते आणि मला वाटत होतं, आता ही फ्रेममधून उठून एकेकाला झापणार. मी माइक हातात घेतला असता तर खरं तेच बोलले असते. ही बाई आयुष्यभर भांडली, बहुतेक वेळा माझ्याशी, आणि शेवटच्या भांडणात ती चुकली होती. पांढऱ्या साड्या नेसून पुढे बसलेल्या तुझ्या मावश्यांनी मला हाताला धरून बाहेर काढलं असतं. म्हणून इथे लिहिते आहे.

गेलेल्या माणसाबद्दल फक्त चांगलं बोलावं, ही पद्धत मला कधी पटली नाही आणि तुला तर मुळीच नाही. आपल्या मॅनेजरच्या शोकसभेत तू उभी राहून "साहेब हुशार होते, पण रिपोर्ट न वाचता सही करायचे" असं म्हणाली होतीस. मी खाली मान घालून हसू दाबत होते. तेव्हा तुझ्याच मापाने तुला मोजते.

आपण वागळे इस्टेटमधल्या त्या प्रेशर गेजच्या कारखान्यात भेटलो. इन्स्पेक्शनच्या टेबलावर तू आधीपासून होतीस, मी नवीन. मी नौपाड्यातून डबा घेऊन आलेली, लग्न ठरलेली, घाबरट. तू डोंबिवलीहून यायचीस, आणि पहिल्याच दिवशी मला म्हणालीस, "इथे काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. काटा खोटं बोलतो का ते बघायचा आपल्याला पगार मिळतो." एखादं गेज चुकीचं दाखवायला लागलं की सगळे घाईघाईने स्प्रिंग बदल, स्क्रू फिरव, पिनियन साफ कर, असं सगळं एकदम करायचे. तू त्यांच्या हातातून गेज काढून घ्यायचीस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग तपासायचं, मगच दुसरी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गेज सुधारलं तरी आपण अडाणीच राहतो, असं तू प्रत्येक नव्या पोराला ऐकवायचीस. ट्रेनी तुला मागे 'एकच मॅडम' म्हणायचे. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर आपण ती गाडी घेतली तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी आपल्याला वेड्यात काढलं. मी विधवा, तू लग्न न केलेली, दोघींची साठी उलटलेली, आणि घेतली काय तर जुनी डिझेल गाडी. माझा जावई म्हणाला, "आई, छोटी ऑटोमॅटिक घ्या ना, चालवायला सोपी." तू त्याला म्हणालीस, "आम्हाला सोपी नकोय, आम्हाला गाडी हवीये." माझ्या बिल्डिंगमध्ये सायकल लावायलाही जागा नाही, म्हणून गाडी तुझ्या नावावर आणि तुझ्या सोसायटीत. मुरबाडला काकड्या आणायला, बदलापूरला उगाच, कधी कल्याणला मिलिंदकडे मटण खायला. चालवायचीस तू. मी डावीकडे बसून काटे बघायचे, सवयच ती.

मग ती दोन लक्षणं सुरू झाली आणि आपलं भांडणही. मुंब्रा बायपासच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये तू पाय दाबायचीस, इंजिन बोंबलायचं, आणि गाडी मात्र होती तिथेच. मागून ट्रक हॉर्न मारायचे. आणि त्याच चढावर तापमानाचा काटा लाल रेषेकडे निघायचा. बायपासला बाजूला थांबून, बॉनेट उघडून, दोघी पदराने वारा घेत आपण तास तास वाद घातला आहे. तुझं म्हणणं, दुखणं एकच. क्लच घसरतो आहे, म्हणून इंजिन फुकट जास्त फिरतंय, म्हणून तापतंय. क्लच बदला, तापणं आपोआप जाईल. माझं म्हणणं, दुखणी दोन. क्लच घसरतो हे खरं, पण तापण्याचं कारण पाण्याच्या वाटेत कुठेतरी आहे. क्लच बदलला तरी ती तापणारच.

"तुला ना, कुंदा, प्रत्येक गोष्टीत दोन दिसतात," तू म्हणायचीस.

"आणि तुला एकापलीकडे मोजता येत नाही," मी म्हणायचे.

त्या मोठ्या चकचकीत गॅरेजमध्ये गेलो होतो ते आठवतं? काचेपलीकडे सोफा, हातात टॅब घेतलेला मुलगा. त्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, हेड गॅस्केट गेलंय. तू विचारलंस, पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतायत का ते बघितलं का? ऑइल दुधाळ झालंय का? सायलेन्सरमधून पांढरा धूर? तो गोंधळला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही मिस्टरना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो." तू चावी त्याच्या टेबलावरून उचललीस. "मिस्टर नाहीत. इंजिन आहे. त्याच्याबद्दल बोलायचं असेल तर बोल." बाहेर आल्यावर आपण रस्त्यातच इतक्या हसलो की रिक्षावाला थांबून बघायला लागला.

त्याच दिवशी आपण शीळ रोडवरच्या म्हात्रे मेकॅनिककडे गेलो. त्याच्यासमोर तू क्लचची परीक्षा घेतलीस. हँडब्रेक ओढला, गाडी चौथ्या गिअरला टाकली, आणि क्लच हळूहळू सोडलास. चांगला क्लच असता तर इंजिन गचका देऊन बंद पडलं असतं. आपलं इंजिन आरामात गुरगुरत राहिलं. म्हात्रे म्हणाला, "क्लचची पार वाट लागली मॅडम." तू माझ्याकडे असं बघितलंस जसं काही भांडण जिंकलीसच. मी म्हटलं, क्लच गेलाय हे मी पण म्हणतेच आहे, तापण्याचं बोल. मग ठरलं. फक्त क्लच बदलायचा, दुसरं काहीही नाही, आणि बायपासवर न्यायची. तुझाच नियम.

क्लच बसला. त्या दिवशी चढावर गाडी अशी ओढत होती की मी टाळी वाजवली. चौथ्यात, मग पाचव्यात. आणि अर्ध्या चढावर काटा निघाला. नेहमीसारखाच, उलट थोडा जास्तच घाईने. मी जिंकले होते, विजू. मी म्हटलं, "बघ, बघ, बघ!" आणि तू काहीच बोलली नाहीस. गाडी बाजूला घेतलीस, बॉनेट उघडलंस आणि इंजिनकडे बघत उभी राहिलीस. मला वाटलं हरल्याचं वाईट वाटलं. शेवटी म्हणालीस, "म्हात्रेने क्लच नीट बसवला नाही." इतकं फालतू कारण तुझ्या तोंडून मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. तो वाद तिथेच राहिला, कारण त्यानंतर तुझ्या पोटात दुखायला लागलं.

हॉस्पिटलबद्दल मी लिहिणार नाही. ते दिवस माझे आहेत, कुणाला देणार नाही. फक्त एकच. एका दुपारी तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "कुंदा, गाडीचं एक सांगायचं होतं." मी म्हटलं, "गाडी गेली खड्ड्यात, तू आधी सूप पी." तू सूप प्यायलीस, सगळं, शहाण्यासारखं, आणि झोपलीस. पुढे कधी तो विषय काढला नाहीस. आता लोक सांगतात, तिला बोलू द्यायला हवं होतं, मन मोकळं करू द्यायला हवं होतं. मी ते ओझं घेणार नाही. तुला सांगायचं असतं तर सूप पिऊन झाल्यावर सांगता आलं असतं. सूप पिताना तू माझ्याकडे चोरून बघत होतीस, ते का, हे मला आत्ता कळतंय.

तू गेल्यावर भेटायला आलेला तुझ्या सोसायटीतला एक गृहस्थ मला म्हणाला, शरीर म्हणजे गाडीच हो, कधीतरी इंजिन बंद पडणारच. मी त्याला म्हटलं, "इंजिन बंद पडतं तेव्हा कारण असतं. ते शोधतात. असं चहा पीत बसत नाहीत." माझा आवाज चढला होता. मिलिंद मला गॅलरीत घेऊन गेला.

आणि गॅलरीत त्याने गाडीचं काढलं. खाली ती धूळ खात उभी होती, तिच्या काचेवर कुणीतरी बोटाने रेघोट्या मारलेल्या.

"कुंदाताई, मी भंगारवाल्याशी बोललेलो आहे. रविवारी येतो म्हणाला. सोसायटीवाले पण मागे लागलेत."

"तुझ्या बहिणीची गाडी भंगारात?"

"चालते कुठे ती? चढावर तापते, तुम्हीच तर सांगायचात. आणि खरं सांगू, मला ती खाली दिसली की ताईच आलीय असं वाटतं. मला नको आहे ते."

त्याच्यावर चिडायचं होतं, पण चिडता येईना. तो रडत होता. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब. मी कारण शोधते. नाही सापडलं तर चावी मी स्वतः भंगारवाल्याच्या हातात देईन. तो म्हणाला, "शोधून काय मिळणार, ताई?" मी म्हटलं, "तुला नाही मिळणार, मला मिळेल." आपण घेतल्यापासून त्या गाडीत तू आणि मी सोडून कुणी बसलेलंही नव्हतं. तिची मी कुणाला पत्र्याची रद्दी करू देणार नव्हते, तीही न तपासता, न जाणता.

मग मी बसले, तुझ्या जागेवर. सीट पुढे ओढावी लागली. सकाळी गाडी थंड असताना सुरू केली आणि तुझ्या पद्धतीने सुरुवात केली, काहीही न बदलता नुसतं बघायचं. टाकीत बुडबुडे नाहीत. ऑइल स्वच्छ. धूर नाही. पंखा वेळेवर फिरतो. म्हणजे गॅस्केट नाही, पंखा नाही. मग बायपासला निघाले आणि मला एक विचित्र गोष्ट दिसली. सपाट रस्त्यावर काटा कितीतरी वेळ तळाशीच पडून होता. गाडी तापायलाच तयार नव्हती. आणि चढ लागला तसा तोच काटा थेट वर. जी गाडी नीट गरम होत नाही ती एवढी तापते कशी? डावीकडे वळून तुला विचारणार होते.

दुसऱ्या सकाळी मी बॉनेट उघडं ठेवून रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपावर हात ठेवून उभी राहिले. तिथे थर्मोस्टॅट असतो, पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा. इंजिन थंड असेपर्यंत तो बंद, म्हणून पाइप गार राहतो. इंजिन गरम झालं की तो उघडतो आणि पाइप एकदम चटका देतो. आपल्या गाडीचा पाइप पहिल्यापासून कोमट व्हायला लागला, हळूहळू, एकसारखा. दरवाजा उघडायची वाट बघत होते, आणि मला कळलं की इथे दरवाजाच नाही.

म्हात्रेकडे गेले. म्हटलं, थर्मोस्टॅटचं घर खोल. तो एकदम हात पुसायला लागला.

"ऱ्हाऊद्या ना मॅडम. तिकडं काय नाय."

"काय नाय तेच बघायचंय. खोल."

त्याने तीन वेळा पाना बदलला. खोललं, आणि आत रिकामं. नुसतं भोक.

"हे कुणी काढलं?"

तो जमिनीकडे बघत होता. "मी काय करनार मॅडम? क्लचच्या दिवशी विजयामॅडमच बोलल्या, हा वॉल काढून टाक. आनि बोलल्या, कुंदाला सांगशील तर तुझी खैर नाय. मना वाटला तुमचा दोघींचा काय असंल."

विजू! एकच मॅडम! आपल्या भागात गाडी तापली की सर्रास हे करतात, थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह काढून फेकतात आणि मालकाला म्हणतात, आता बर्फासारखी चालेल. या प्रकाराला तू शिव्या घालायचीस. आणि तूच, क्लच बदलला त्याच दिवशी, चोरून, दोन गोष्टी एकदम बदलल्यास. का, हे मला सांगायला कुणाची गरज नाही. गाडी तापली नाही की तू म्हणणार होतीस, बघ, क्लच बदलला आणि गेलं, दुखणं एकच होतं. तू मला हरवायला चीटिंग केलंस. आणि त्यातही तोंडावर पडलीस, कारण आपल्या इंजिनात त्या वॉल्व्हला खाली एक पाय असतो. वर वाट उघडताना तो पाय खालची जवळची वाट बंद करतो. वॉल्व्हच काढला तर गरम पाणी त्या जवळच्या वाटेने रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं. सपाटीला चालून जातं, चढावर नाही. म्हणून त्या दिवशी तू गप्प झाली होतीस. हरल्याचं दुःख नव्हतं ते. काढून टाकला तरी तापते कशी, हे कोडं तुला पडलं होतं आणि मला विचारायची सोय नव्हती.

मी म्हात्रेच्या गॅरेजमध्ये टायरवर बसले आणि हसायला लागले. मग रडायला लागले, मग परत हसायला. म्हात्रेने पाणी आणून दिलं. तू गेल्यापासून मी नीट रडले नव्हते. ते सगळे भाषण करणारे तुला जे करून ठेवत होते, त्या बाईसाठी मला रडू येत नव्हतं. या लबाड, हट्टी, भांडखोर बाईसाठी आलं. तू मला माझ्याच शेजारी बसून फसवत होतीस आणि मी टाळी वाजवत होते. मला इतका राग आला होता, विजू, की तू समोर असतीस तर मी तुला आधी मारलं असतं आणि मग घट्ट धरलं असतं.

जुना वॉल्व्ह म्हात्रेच्या डब्यात सापडला. मी तो घरी नेला आणि सोबत नवा विकत घेतला. नौपाड्याच्या माझ्या स्वयंपाकघरात चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, दोन्ही वॉल्व्ह दोऱ्याला बांधून एकाच पातेल्यात सोडले. इन्स्पेक्शन म्हणजे इन्स्पेक्शन. पाणी उकळलं तसा नवा टप्पकन पूर्ण उघडला. जुना जेमतेम नखाएवढा. म्हणजे तू काढायच्या आधीपासून तो अडकलेला होता. म्हणजे क्लच हे एक दुखणं आणि हा वॉल्व्ह दुसरं. माझी मुलगी दारात येऊन म्हणाली, "आई, काय शिजवतेयस?" मी म्हटलं, "पुरावा."

शनिवारी म्हात्रेने नवा वॉल्व्ह बसवला. फक्त तेवढंच, बाकी कशालाही मी हात लावू दिला नाही. मग मिलिंदला बोलावलं. तो डावीकडे बसला, हातात फोन, भंगारवाल्याचा नंबर उघडा.

"तापली तर फोन लाव," मी म्हटलं. "मी मध्ये बोलणार नाही."

शीळफाट्यापासून चढायला सुरुवात केली. भर दुपार, पुढे कंटेनर, मागे डंपर. माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते. मी तुझ्याइतकी चांगली चालवत नाही, मला माहीत आहे, तोंड उघडू नकोस. चौथा गिअर. काटा मधोमध आला आणि थांबला. मोठ्या वळणावर मी कंटेनरला मागे टाकलं. काटा हलला नाही. मिलिंद पुढे वाकून बघत होता, मी गेज बघायचे तसा. वर पोचलो तरी काटा मध्येच. मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला सगळं सांगितलं, वॉल्व्ह, म्हात्रे, धमकी.

"म्हणजे ताई चुकलेली?"

"चुकली. वर चीटिंग पण केलंन."

तो फिस्सकन हसला. "लहानपणी पत्त्यात पण हेच करायची. पत्ता फ्रॉकखाली." हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि फोन खिशात टाकला. "ठेवा तुम्ही गाडी. पण मला मध्ये मध्ये बसवा."

आता मला सगळे सांगतात, झालं ना मनासारखं, आता तिला शांतपणे जाऊ दे. मनातलं सगळं सोड, माफ कर. मी करणार नाही. तुझ्या मावश्यांनी काय करायचं ते करावं. तू मला फसवलंस, हरलीस, आणि हरल्याचं कबूल न करता निघून गेलीस. याचा जाब मला हवा आहे, आणि तो मी मागत राहणार. तुझ्याशी भांडायचं सोडलं तर मग माझ्याकडे तुझं राहतं काय? भिंतीवरचा एक फोटो, तोही तुझ्यासारखा न दिसणारा.

एक सांगायचं राहिलं. परत येताना मुंब्र्याच्या उतारावर गाडी तिसऱ्या गिअरला होती आणि खालून एक बारीक घरघर आली. दुसऱ्यात गेले तर बंद. परत तिसऱ्यात, परत चालू. मिलिंदला काही ऐकू आलं नाही. मी क्लच दाबून बघितला, काही फरक नाही. तू म्हणशील, नवा क्लच बसवलाय, त्याचंच काहीतरी असणार, परत तेच एक दुखणं. मी म्हणते, गिअरबॉक्समधलं बेअरिंग आहे, ही वेगळीच भानगड आहे, आणि माझंच बरोबर आहे.

बोल ना आता.